बाटली सुटली, काडी राहिली
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



पंधरा दिवसांपूर्वी आपल्या चिटणीसबाईंनी मला जिन्यातच गाठले आणि म्हणाल्या, "वर्धापनदिनाला या खेपेस तुम्ही बोलायचे." मी म्हटले, "अहो, मी शिवणवर्गात काजे-बटणे शिकवणारी बाई. व्यासपीठावर उभे राहायचा माझा काय अधिकार?" तेव्हा त्या म्हणाल्या, "ज्याच्या घरावर बेतले, त्याला अधिकार निराळा मिळवावा लागत नाही." त्यावर मला उत्तर सुचले नाही, म्हणून आज आपल्यापुढे उभी आहे. बोलण्यात काही उणे-अधिक झाले तर सांभाळून घ्यावे.

आज मी जे सांगणार आहे ते आमच्या घरातले आहे. ह्यांना विचारूनच सांगते आहे. हे मागच्या रांगेत बसले आहेत. काल रात्री मी विचारले, "सगळे सांगू का?" तर म्हणाले, "सांग. माझे पिणे साऱ्या आळीने पाहिले आहे. सुटणेही पाहिले. मधले तेवढे कोणाला ठाऊक नाही." ते मधलेच मी सांगणार आहे.

दारूविषयी आपल्या मंडळात आजवर पुष्कळ बोलणे झाले आहे. महाराष्ट्रात ठिकठिकाणी बायकांनी मतदान करून दारूची दुकाने बंद पाडली. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी दोन चित्रे असतात, हे आता लहान पोरांनाही माहीत झाले आहे. परंतु बाटली आडवी झाल्यावर त्या घरात पुढे काय होते, याची चौकशी फारसे कोणी करीत नाही. आमच्या घरात बाटली आडवी झाली आणि तिच्या जागी सिगारेट उभी राहिली. ती मीच उभी केली, हे प्रथम कबूल करते.

आमचे लग्न १९९८ सालचे. हे भोसरीला एका लहानशा कारखान्यात टर्नर होते. पुढे चाकणच्या बाजूला मोठमोठे कारखाने आले तेव्हा तिकडे चांगली नोकरी मिळाली. कंपनीची बस, तीन पाळ्या, जादा कामाचा वेगळा पैसा. पाळीनंतर चार मित्रांत बसणे सुरू झाले, मग ते रोजचे झाले आणि मग मित्रांची गरजही उरली नाही. ती वर्षे मी इथे उगाळीत नाही. ज्यांच्या घरी हे घडले आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांच्या घरी घडले नाही त्यांना सांगून समजणार नाही. २०१५ साली ह्यांना व्यसनमुक्ती केंद्रात दाखल केले. पाच आठवडे हे तेथे राहिले आणि परत आले ते माणसात येऊन. त्या दिवसापासून आजतागायत ह्यांनी दारूचा थेंब घेतलेला नाही. देवाची, डॉक्टरांची आणि ह्यांच्या स्वतःच्या निश्चयाची ही कृपा.

पूर्वी ह्यांच्या दिवसाला चार-पाच सिगारेटी होत. केंद्रातून आल्यावर त्या दहा झाल्या आणि वर्षभरात वीसवर गेल्या. संध्याकाळी सात वाजले की अंगात तगमग सुरू होई. पूर्वीची ती बसण्याची वेळ. हे गॅलरीत जात आणि एकामागून एक ओढीत. मला तो धूर गोड वाटे! धूर आहे म्हणजे माणूस घरी आहे, आणि घरी आहे म्हणजे प्यालेला नाही. मध्यरात्री जाग आली आणि गॅलरीत लाल ठिपका दिसला की मी निर्धास्तपणे कूस बदलून झोपत असे.

आणखी पुढचे सांगते. शिलाईच्या पैशातून मी स्वतः सिगारेटी आणून ठेवू लागले. दुसऱ्या पाळीला जाताना जेवणाच्या पिशवीत पोळीभाजीचा डबा, त्यावर लिंबाची फोड आणि बाजूला दहाचे एक पाकीट. पाकीट विसरले तर हे टपरीवर जातील, टपरीशेजारी दुकान आहे आणि दुकानात बाटली आहे, असा माझा हिशोब. शेजारणी म्हणत, "एवढे तरी असू द्या हो, बिचाऱ्याने एवढी दारू सोडली." सासूबाईही तेच म्हणत. दारू सोडलेल्या माणसाला सिगारेट ही जणू बक्षीस म्हणून मिळालेली होती.

हा हिशोब कुठे चुकला ते २०१९ साली कळले. त्या रात्री दुसरी पाळी सुटल्यावर हे चाकण चौकात उतरले. टपरीवर एक जुना सोबती भेटला. दोघांनी सिगारेटी शिलगावल्या. आमच्या राज्यात सुटी सिगारेट विकण्यास २०२० साली बंदी आली, तेव्हा ती नव्हती. एक झाली, दुसरी झाली, जुन्या गोष्टी निघाल्या. सोबती म्हणाला, "चल, नुसता बसायला चल." हे त्याच्याबरोबर परमिट रूमच्या दारापर्यंत गेले. आत मात्र गेले नाहीत. घरी पोचायला रात्रीचा एक वाजला. मी दार उघडले तर हे जिन्याच्या पायरीवर बसलेले. म्हणाले, "अगं, प्यालो नाही. वास घेऊन बघ हवा तर. पण एक गोष्ट आज समजली. ओठात सिगारेट गेली ना, की डावा हात आपोआप ग्लास शोधतो."

भगिनींनो, ते वाक्य माझ्या काळजात रुतून बसले. वर्षानुवर्षे ज्या दोन गोष्टी एकाच टेबलावर, एकाच वेळी, एकाच संगतीत घेतल्या, त्यांची शरीरात आणि मनात गाठ पडून जाते. एक उचलली की दुसरीची आठवण होते. मी जिला राखणदार समजून घरात ठेवून घेतले होते, ती वास्तविक शत्रूची सख्खी बहीण होती.

आपल्या चाकणच्या किल्ल्याची गोष्ट आपण सगळ्या शाळेत शिकलो आहोत. १६६० साली शाएस्तेखानाची प्रचंड फौज संग्रामदुर्गाभोवती बसली. फिरंगोजी नरसाळ्यांनी मूठभर माणसांनिशी जवळजवळ दोन महिने किल्ला झुंजवला. समोरून तो हटेना, तेव्हा खानाने बुरुजाखाली भुयार खणून सुरुंग लावला आणि बुरुज उडवला. मला आमच्या घराची अवस्था तशीच दिसू लागली. वेशीवर मी डोळ्यांत तेल घालून पहारा करीत होते आणि बुरुजाखालच्या सुरुंगाला दारू मीच पुरवीत होते.

तरीदेखील मी पाकीट बंद केले नाही. धैर्य झाले नाही, असेच म्हणा. पुढची तीन वर्षे तशीच गेली. २०२२ च्या थंडीत ह्यांना तीन जिने चढताना दोनदा थांबावे लागू लागले. सकाळी अर्धा अर्धा तास खोकला. एके दिवशी नातवाच्या वाढदिवसाला मुलाने हट्ट धरला, "आजोबा, तुम्ही पण फुंका." पाच मेणबत्त्या होत्या. ह्यांनी फुंकर मारली, ज्योती नुसत्या हलल्या. मूल टाळ्या पिटून हसले. आम्ही मोठी माणसे मात्र एकमेकांकडे पाहीनाशी झालो.

डॉक्टरांनी एका यंत्राच्या नळीत ह्यांना जोराने फुंकायला लावले. श्वासनळ्या कायमच्या आकसत चालल्या आहेत, असे निदान झाले. डॉक्टर म्हणाले, "काका, तुमचे वय बावन्न, पण फुप्फुसे सत्तरीची झाली आहेत. सिगारेट आजपासून बंद." मी चटकन मध्ये बोलले, "डॉक्टर, तेवढे सांगू नका. सिगारेट सोडली तर हे पुन्हा दारूकडे वळतील. एक वेळ हे असू द्या." डॉक्टरांनी पेन खाली ठेवले आणि मला विचारले, "ताई, दारूने ते मरू नयेत म्हणून तुम्ही एवढी तपश्चर्या केलीत. आता सिगारेटीने मेले तर चालेल का?"

हा प्रश्न माझ्या एकटीचा नाही, हे मला पुढे कळले. माझी थोरली मुलगी परिचारिका आहे. तिने मला एका परदेशी बाईंची हकीकत सांगितली, ती आपणही ऐकावी.

अमेरिकेत बिल विल्सन नावाचे एक गृहस्थ होऊन गेले. दारूपायी ते पार धुळीला मिळाले होते. १९३४ च्या डिसेंबरात त्यांनी अखेरची दारू घेतली आणि पुढच्या वर्षी, १९३५ साली, डॉक्टर बॉब स्मिथ यांच्याबरोबर 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' ही चळवळ सुरू केली. दारू सोडलेल्यांनी एकत्र बसून एकमेकांना सावरायचे, ही तिची साधी रीत. आज ती जगभर पसरली आहे, आपल्याकडेही तिच्या सभा भरतात. त्यांच्या पत्नी लॉइस यांनी १९५१ साली व्यसनी माणसांच्या घरच्यांसाठी 'अल-ॲनॉन' ही निराळी संघटना उभी केली. म्हणजे तुमच्या-माझ्यासारखीचे दुःख जगापुढे मांडणारी ती बाई! आता पाहा. बिल विल्सन यांनी त्यानंतर छत्तीस वर्षे दारूला स्पर्श केला नाही. लाखो माणसांना दारूतून ओढून काढले. पण सिगारेट जवळजवळ जन्मभर ओढली. ती सुटली ती अगदी अखेरच्या काही वर्षांत, आणि तोवर फुप्फुसे गेली होती. २४ जानेवारी १९७१ रोजी फुप्फुसांच्या विकाराने आणि न्यूमोनियाने ते गेले. लॉइसबाई त्यांच्यामागे सतरा वर्षे जगल्या.

हे ऐकले त्या रात्री मला झोप लागली नाही. दारूपासून नवरा परत मिळवलेली ती बाई, आणि शेवटी तो दवडला धुरात! तिच्या जागी मी मला पाहत होते.

मुलीला मी म्हटले, "हे एका माणसाचे झाले. सगळ्यांचेच असे होते का?" तेव्हा तिने मला अमेरिकेतल्याच एका पाहणीविषयी सांगितले. मेयो क्लिनिक नावाच्या प्रसिद्ध रुग्णालयात १९७२ ते १९८३ या काळात दारू व इतर व्यसनांवर उपचार घेतलेल्या ८४५ लोकांचा पुढे अनेक वर्षे मागोवा घेण्यात आला. त्यांपैकी २२२ जण मरण पावले. १९९६ साली ते निष्कर्ष छापून आले. ज्यांच्या मृत्यूचे कारण कळले त्यांत दारूशी संबंधित कारणांनी गेलेले सुमारे एक तृतीयांश होते, आणि तंबाखूशी संबंधित कारणांनी गेलेले निम्म्याहून किंचित जास्त. उपचार घेतला दारूचा, आणि मरण आले तंबाखूने.

शिवाय दारू आणि तंबाखू ही दोन्ही ज्याने वर्षानुवर्षे घेतली, त्याच्या तोंडाचा, घशाचा, अन्ननलिकेचा कर्करोग होण्याचा धोका नुसत्या बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतो. म्हणजे दारू सोडलेल्या माणसाला तंबाखू सोडण्याची गरज इतरांहून अधिक आहे. आपण मात्र त्यालाच सूट देतो.

आता माझ्या त्या भीतीविषयी. सिगारेट सुटली तर दारू परत येईल का? या प्रश्नाचा शास्त्रज्ञांनीही शोध घेतला आहे. २००४ साली १९ चाचण्यांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. व्यसनाच्या उपचाराबरोबर ज्यांना तंबाखू सोडायलाही मदत मिळाली, त्यांचे दारू-ड्रग्जपासून दूर राहण्याचे प्रमाण पुढे कमी झाले नाही. उलट ते सुमारे पंचवीस टक्क्यांनी जास्त आढळले. मी प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगते. त्याच वर्षीच्या एका मोठ्या अभ्यासात दोन्ही एकदम सोडायला लावलेल्यांपेक्षा सहा महिने थांबून सिगारेट सोडायला लावलेल्यांचे दारूचे पथ्य अधिक टिकले. तेव्हा दारूच्या आठवड्यातच सिगारेटही टाकायची की सहा महिन्यांनी, हे ज्याचे त्याने डॉक्टरांशी बोलून ठरवावे. परंतु सहा महिने थांबणे वेगळे आणि आमच्यासारखी आठ वर्षे थांबणे वेगळे.

आणखी एक समजूत माझी होती, की सिगारेटीने ह्यांचे डोके शांत राहते. समुपदेशक ताईंनी ती दूर केली. त्या म्हणाल्या, "निकोटीनचा अंमल तास-दोन तासांत उतरू लागतो. उतरला की चिडचिड होते. पुढची सिगारेट ती चिडचिड शमवते. म्हणजे जी आग तिने लावली तीच ती विझवते, आणि आपण तिचे उपकार मानतो." दारूच्या बाबतीत आम्ही हेच वाक्य ऐकले होते. सकाळी हात कापतात म्हणून दारू, आणि दारूमुळे हात कापतात. ते पटले होते, पण सिगारेटीला लावून पाहिले नव्हते.

आता जी गोष्ट सांगायला मला सर्वांत जड जाते, ती सांगते. डॉक्टरांकडून आल्यावर मी ह्यांना चांगले अर्धा तास बोलले. नातवाची शपथ घातली. हे मान खाली घालून ऐकत होते. थोरली दारात उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "आई, तुझ्या फळीवरच्या पितळी डबीत काय आहे?"

भगिनींनो, त्या डबीत मिश्री होती. तव्यावर तंबाखू भाजून, कुटून केलेली. माझ्या आईने मला वयाच्या बाराव्या वर्षी दात दुखतात म्हणून लावायला दिली, ती चाळीस वर्षे सुटली नाही. सकाळी उठल्याबरोबर एकदा, दुपारची भांडी झाल्यावर एकदा, रात्री एकदा. न लावली तर डोके दुखे, पोट साफ होत नसे. आणि मी स्वतःला निर्व्यसनी समजत होते! ह्यांच्या व्यसनाचे पाढे मी अर्धे आयुष्य वाचले, तेव्हा हिरडीखाली बोटभर तंबाखू होतीच.

इथे बसलेल्या कोणाला मी लाजवू इच्छीत नाही. पण आपल्या राज्याची २०१६-१७ सालची पाहणी सांगते की शंभर प्रौढांत सुमारे सत्तावीस जण तंबाखू घेतात. ओढणारे त्यांत चारच्या आसपास. बाकीचे बहुतेक खाणारे नाहीतर लावणारे. बायकांतही शंभरी सुमारे सतरा. या सतरा बायका काही परमुलखात राहत नाहीत. मिश्रीनेही तोंडाचा कर्करोग होतो, आणि गरोदर बाईने लावली तर मूल कमी वजनाचे जन्मते. माझे धाकटे जन्मले तेव्हा दोन किलोही भरले नव्हते. तेव्हा आम्ही नशिबाला बोल लावला. मिश्रीचा विचार कोणाच्या मनात आला नाही.

त्या दिवशी मी ह्यांना म्हटले, "तुम्ही एकटे नका सोडू. आपण दोघे सोडू." आठ वर्षांत मी प्रथमच ह्यांच्याशी पहारेकरणीसारखे न बोलता बरोबरीने बोलले असेन.

२०२३ च्या जूनमध्ये तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्कामी आली, तो दिवस आम्ही ठरवला. आदल्या रात्री गॅलरीतली राखेची वाटी, काडेपेट्या, उरलेली पाकिटे आणि माझी पितळी डबी एका पिशवीत घातली. पाकिटे आणि मिश्री कचऱ्यात गेली. डबी घासून आता तीत मी सुया ठेवते. सकाळी दोघांनी विठ्ठलमंदिराजवळ वारकऱ्यांना पाणी दिले. दिवसभर गर्दीत राहिलो, तो पहिला दिवस कसा सरला ते कळले नाही.

दुसरा आणि तिसरा दिवस मात्र कळला. ह्यांनी भाजीत मीठ कमी म्हणून ताट सारले. मी दोन ब्लाऊज उलटे शिवले. घरात कोणी कोणाशी धड बोलेना. धाकटा म्हणाला, "तुम्ही दोघे पुन्हा सुरू करा, पण ही शांतता नको!" डॉक्टरांनी ह्यांना निकोटीनचे च्युइंगम दिले होते. ते चघळायचे, जीभेला झणझणले की गालात धरून ठेवायचे आणि थोड्या वेळाने पुन्हा चघळायचे. हे पहिल्या दिवशी ते बडीशेपेसारखे चावून गिळत बसले आणि उचकी लागली. रीत समजल्यावर उपयोग झाला. मला मुलीने लवंग आणि बडीशेप दिली, पाणी भरपूर प्यायला लावले. डोकेदुखी आठवड्यात गेली, पोटाची तक्रार महिन्यात.

सगळे सरळ झाले असे नाही. दिवाळीच्या सुमारास पुतण्याच्या लग्नात हे मांडवामागे एक ओढून आले. पूर्वीची मी असते तर रडून गोंधळ घातला असता. मी एवढेच विचारले, "हात ग्लास शोधू लागला का?" हे म्हणाले, "लागला. म्हणून अर्धीच टाकली." त्याच रात्री ह्यांनी आपल्या दारू सोडलेल्या जुन्या मित्राला फोन केला आणि तासभर बोलले. फेब्रुवारीत आणखी एकदा घसरले. त्यानंतर नाही. मीही पहिल्या महिन्यात शेजारच्या काकूंच्या डबीत एकदा बोट घातले होते, ते ह्यांना मी सांगितले. दारू सोडण्याच्या शाळेत हे जे शिकले होते, आजच्या दिवसापुरते, घसरलो तर लपवायचे नाही, एकटे राहायचे नाही, ते सारे सिगारेटीलाही तसेच उपयोगी पडले. फक्त ते तिला लावायचे कोणाच्या मनात आले नव्हते.

गेलेली फुप्फुसे परत येत नाहीत, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. परंतु आणखी जाण्याचा वेग मंदावतो. हे अजून तिसऱ्या मजल्यावर येताना एकदा थांबतात, पूर्वी दोनदा थांबत. सकाळचा खोकला पुष्कळ कमी झाला आहे. दिवसाच्या वीस सिगारेटींचे पैसे मी वेगळे टाकू लागले, त्यातून शिवणयंत्राला मोटर बसली. यंदाच्या वाढदिवसाला नातवाने पुन्हा मेणबत्त्या पुढे केल्या. सातांपैकी चार विझल्या. उरलेल्या तीन नातवाने विझवल्या.

आता मंडळासाठी चार गोष्टी सांगून थांबते.

पहिली. कोणाच्या घरी दारू सुटली तर पाकीट देऊन त्याचे कौतुक करू नका. त्याला बोलूनही हैराण करू नका. "हेही एक दिवस सोडायचे आहे" एवढे आरंभापासून मनात आणि बोलण्यात असू द्या.

दुसरी. तंबाखू सोडताना त्रास होतो, पण त्याने जीवाला धोका होत नाही. दारूचे तसे नाही. रोज खूप पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी. हा फरक कोणी विसरू नये. तलफ आली तरी ती काही मिनिटांत ओसरते, तेवढी मिनिटे टाळायची युक्ती हवी. पाणी प्यावे, खाली चक्कर मारून यावी, कोणाशी तरी बोलावे. चहाची टपरी मात्र निदान पहिले काही महिने टाळावी. हे घरून थर्मासमध्ये चहा नेऊ लागले.

तिसरी. एकट्याने झुंजू नका. सरकारची तंबाखू सोडण्यासाठी मोफत दूरध्वनी सेवा आहे, तिचा क्रमांक १८००-११२-३५६. आपल्या पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने 'मुक्तांगण' उभे केले. दारुडा हा वाईट माणूस नसून आजारी माणूस आहे, ही गोष्ट अशा संस्थांनी आपल्या गळी उतरवली. तेथे बायकांसाठीही गट चालतो. दारूविषयी जे शहाणपण आपण शिकलो, तेच तंबाखूलाही लावायचे आहे. नवे काही शिकायचे नाही.

चौथी, आणि ही विनंती आहे. पुढच्या महिन्यापासून शिवणवर्गाच्या खोलीत शनिवारी दुपारी एक तास आपण बसू या. ज्यांच्या घरी दारू सुटली आहे त्यांनी यावे, आणि ज्यांच्या फळीवर डबी आहे त्यांनीही यावे. नावे कोणी विचारणार नाही. चहा मी करीन.

नवऱ्याची बाटली सुटावी म्हणून मी उपास केले, नवस केले, रात्री जागून काढल्या. पण ती सुटल्यावर त्याच्या डब्याच्या पिशवीत रोज दहा सिगारेटी घालणारेही हेच हात होते, हे मला विसरता येत नाही. इतर कोणाच्या हातून ते होऊ नये, एवढ्यासाठीच आज बोलले.